तिठा : हडळ, मुंज्या, खवीस आणि राक्षस गुण्यागोविंदाने राहतात असं शहर रचायचंय

रातवा

नमस्कार मंडळी,

आमचा एक छोटा गट आहे. शनिवारी रात्री जमतो, एक जण गोष्ट सांगतो, बाकीचे त्यातली पात्रं होतात, अडलं की फासे टाकतात. या खेपेला गोष्ट सांगायची पाळी माझ्यावर आलीय. ऑर्क, गॉब्लिन आणि ट्रोल या परदेशी गोष्टींतल्या राक्षसांचा सगळ्यांना वीट आलाय, म्हणून म्हटलं आपलीच मंडळी घेऊ.

कल्पना अशी. कोकणात गाऱ्हाणं घालतात तेव्हा गावातली इडापिडा शिवेबाहेर काढ म्हणून देवाला सांगतात. बाधा झाली तर उतारा तिठ्यावर नेऊन ठेवतात. म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या प्रत्येक गाव आपली भुतं शिवेपर्यंत पोचवून परत फिरतंय. पलीकडचं गावही तेच करतंय. मग ती जातात कुठे? माझ्या गोष्टीत सात गावांच्या शिवा जिथे भिडतात तिथे कुणाच्याच सातबाऱ्यावर नसलेली जमीन आहे. तिथे हळूहळू वस्ती झाली, वस्तीचं शहर झालं. नाव तिठा.

पिंपळांवर मुंजे, चिंचेच्या राईत हडळी, व्हाळात (ओढ्यात) गिऱ्हा, पाणंदीत वाट चुकवणारा चकवा. नंतर खाडीकडून राक्षसांची काही घराणी आली, घाटावरून यक्ष उतरले, नाग वारुळांत आधीपासून होतेच. थोडी माणसंही आहेत, त्यांना त्यांच्या गावांनी वाळीत टाकलेलं.

अडलंय ते इथे : हे सगळे एकमेकांना खात का नाहीत? 'ते मनाने चांगलेच असतात, खरा राक्षस माणूसच' हे उत्तर नकोय, ते वाचून वाचून जीभ जड झालीय. हडळ हडळच राहायला हवी. तिची भीती वाटायला हवी, आणि तरी संध्याकाळी तिच्या दारावरून मासळी आणायला जाता यायला हवं.

वाकडी_चिंच

वाचनखूण साठवली. राईत एखादी फांदी रिकामी असेल तर कळवा, डिपॉझिट तयार आहे.

ठोकताळा

माणसांच्या शहरात पाणी दिवसाआड येतं आणि आम्ही भुतांच्या शहराचा विकास आराखडा करतोय. चालू द्या.

पोथीवाला

रातवा, तुम्ही शोधताय ते शहर महाभारतात आहे. आदिपर्वातली एकचक्रा.

बकासुराची गोष्ट आपल्याला 'गाडाभर भात आणि भीम' एवढीच माहीत असते. मूळ मजकूर त्याहून पुष्कळ अस्वस्थ करणारा आहे. पांडव ज्या ब्राह्मणाच्या घरी उतरलेत तो कुंतीला सांगतो की या प्रदेशाचं रक्षण बक करतो. त्याच्यामुळे आम्हाला परचक्राचं भय नाही, इतर भूतमात्रांचंही नाही. राजा आहे, पण तो वेत्रकीयगृहात बसलाय आणि त्याच्याच्याने काही होत नाही. या रक्षणाबद्दल बकाचं वेतन ठरलंय : गाडाभर तांदळाचं अन्न, दोन रेडे, आणि ते घेऊन जाणारा एक माणूस. शब्द 'वेतन' हाच आहे. घरोघर पाळी लागते. म्हणजे राज्यकर्ता निकामी झालेल्या गावाने राखणीचं कंत्राट राक्षसाला दिलंय.

पुढचा भाग कीर्तनात सहसा येत नाही. भीम बकाला मारतो तेव्हा आवाज ऐकून त्याचे आप्त आणि सेवक बाहेर येतात. भीम त्यांची कत्तल करत नाही. त्यांना धीर देतो आणि अट घालतो : यापुढे माणसं मारायची नाहीत, जो मारेल त्याची गत अशीच होईल. ते कबूल करतात. आणि मग एक श्लोक येतो, की तेव्हापासून त्या नगरात राक्षस सौम्य होऊन वावरताना नगरवासीयांना दिसू लागले.

एवढंच. व्यासांनी त्या शहराचं पुढे काय झालं ते सांगितलेलं नाही, पांडव तिथून पांचालांकडे निघून जातात. माझ्या मते तुमचं तिठा म्हणजे भीम निघून गेल्यानंतरची एकचक्रा आहे.

रातवा

पोथीवाला, हे जबरदस्त आहे. पण भीमाची अट म्हणजे शेवटी धाकच. भीम गेला की धाक किती दिवस टिकणार? एका पिढीनंतर एखादा तरुण राक्षस विचारणारच की तो भीम कोण होता.

आराखडा

माझा पोटापाण्याचा धंदा नगररचनेचा आहे, म्हणून राहवत नाही.

धाक विसरा, बकाचं वेतन पुन्हा वाचा. गाडाभर भात आणि दोन रेडे खाणाऱ्याला एका माणसाच्या मांसाने कितीसा फरक पडतो? पोट भात-रेड्यांनी भरतंय. माणूस हा तिथे अन्न म्हणून नाहीच, तो मान म्हणून आहे. 'तुमच्या घरातलं माणूस मी मागितलं की तुम्ही देता', हे दर पाळीला सिद्ध करून घेण्यासाठी. तेव्हा तुमच्या शहरात दोन खाती वेगळी ठेवा : भूक आणि मान. भूक भागवणं सोपं आहे, शेती आणि मासेमारी पुरेल. भांडणं मानावरून होतील.

दुसरं, जागा वाटून देऊ नका. 'हा राक्षसवाडा, हा नागवाडा' केलंत की तुम्ही आपलंच जुनं गाव बांधलंत, त्यात मग आवाठं (वाडी) कुणाचं आणि विहीर कुणाची हे आलंच. जागा एक ठेवा, वेळ वाटा. याला दाखलाही पोथीवाल्यांच्याच पुस्तकात आहे. हिडिंबेचं भीमाशी लग्न लावताना युधिष्ठिराने अट घातली होती की दिवसभर त्याला घेऊन कुठेही हिंड, रात्री परत आणून सोड. राक्षसांचं बळ रात्री वाढतं, म्हणून रात्र माणसांनी आपल्याकडे राखून ठेवली. ही चक्क वेळेची विभागणी आहे आणि ती दोन्ही बाजूंनी पाळली गेली, घटोत्कच त्यातूनच झाला.

तर तिठ्यात एकच बाजारपेठ, तीन पाळ्या. उजाडल्यापासून तिन्हीसांजेपर्यंत माणसं आणि यक्ष, तिन्हीसांजेला सगळ्यांचा मिळून एक अर्धा प्रहर, मग रात्र बाकीच्यांची. तुमचं सगळं नाट्य त्या अर्ध्या प्रहरात घडेल. उधारी त्याच वेळात वसूल करायची, सोयरीक तेव्हाच बोलायची आणि भांडण उकरायचं तर तेही तेव्हाच.

खाजा_मालवणी

तिन्हीसांजेचा बाजार 👌

माझं आजोळ वेंगुर्ले तालुक्यात, त्यामुळे चार शब्द. आरवलीच्या वेतोबाला चामड्याच्या चपला वाहतात, केळ्यांचे घड वाहतात. चपला भल्यामोठ्या. देव रात्री गावच्या शिवेवरून फेरी मारतो म्हणून त्या झिजतात, अशी श्रद्धा. आता बघा, वेताळ म्हणजे भुतांचा राजा. इतर ठिकाणी त्याच्या नावाने पोरांना झोपवतात, आणि आमच्याकडे तोच रात्रपाळीचा राखणदार. तो बदललेला नाही. त्याला काम दिलंय, कामाचा मोबदला ठरलाय आणि कामाची साधनं गाव पुरवतो. तिठ्यात सगळ्यात वजनदार माणूस चांभार असला पाहिजे, असं माझं मत.

दुसरी गोष्ट गाऱ्हाण्याची. तुम्ही त्यातलं फक्त 'शिवेबाहेर काढ' एवढंच घेतलंत. पण गाऱ्हाणं घालणारा आधी नावं घेतो. बारा-पाचाच्या देवस्कीची, पूर्वसाची, चाळेगताची, जागेवाल्याची. कुणाला वगळायची सोय नाही, कारण वगळलेला नड काढणार. 'होय गे म्हाराजा, ज्यां काय चुकला माकला आसात तां पदरात घे' म्हटलं की सगळे 'व्हय म्हाराजा!' म्हणतात. तुमच्या नगरसभेची सुरुवात अशीच करा. सभा सुरू व्हायच्या आधी शहरातल्या प्रत्येक जमातीचं नाव मोठ्याने घ्यायचं, आणि एखादं राहिलं तर सभा रद्द. अर्धे राजकारण त्या यादीवरच होईल. माझ्या गावात अजून होतं.

म्हापसेंकार

आमच्या म्हापशाचा बोडगेश्वर पण तसलाच. हातात दांडा, दुसऱ्या हातात दिवटी, रात्री शेताच्या बांधावरून फिरणार. गोव्यात देवचाराला बऱ्याच ठिकाणी सोरो (दारू) आणि रोट ठेवतात, विडीही ठेवतात. कोण बाहेरगावचा माणूस रात्री वाट चुकला तर देवचार त्याला घरापर्यंत सोडतो असं जुनी माणसं सांगतात. फक्त मागे वळून बघायचं नाही.

आणि चकव्याला वाया घालवू नका. वाट चुकवणारा माणूस शहराकडे असताना तट बांधायला पैसे कशाला खर्च करायचे?

रातवा

तट रद्द! चकवा म्हणजे संरक्षण खातं. शत्रूची फौज आठ दिवस त्याच आंब्याभोवती फिरत राहील.

खाजा, यादीची कल्पना घेतली. माझी पात्रं शहरात पहिल्यांदा येतील तेव्हा सभेत नेमकं एक नाव राहिलेलं असेल.

उलटी_पावलं

सगळे उत्साहात आहात म्हणून थांबले होते, पण आता लिहितेच.

हडळ, जखीण, लावसट, मुंज्या, खवीस यांना तुम्ही 'जमाती' म्हणताय. त्या जमाती नाहीत. राक्षस राक्षसाच्या पोटी जन्मतो, नाग नागिणीच्या. हडळ कुणाच्या पोटी जन्मत नाही. ती बाळंतपणात मेलेली बाई आहे. लावसट म्हणजे विधवा होऊन मेलेली, मुंज्या मुंज होऊन लग्नाआधी गेलेला मुलगा. कोकणातल्या लोकसमजुतींची एक जाडजूड नोंद १९१५ साली इंग्रजीत छापली गेली. माहिती जॅक्सनने जमवलेली (तोच नाशिकचा कलेक्टर, १९०९ मध्ये अनंत कान्हेरेंनी ज्याला गोळी घातली), पुस्तक एन्थोवेनने सिद्ध केलं, आणि मूळ मजकूर बराचसा गावोगावच्या शाळामास्तरांनी कळवलेला. त्यातली भुतांची यादी वाचा. ब्राह्मणाचं भूत वेगळं, शूद्राचं वेगळं, मुसलमानाचं वेगळं, सवाष्णीचं वेगळं, विधवेचं वेगळं. मेल्यावरही जात आणि कपाळावरचं कुंकू तपासूनच नाव दिलंय. आणि कोणतं भूत उतारा घेऊन गप्प बसतं आणि कोणतं अजिबात ऐकत नाही, ही वर्गवारीही बहुतेक तशीच लागते.

तेव्हा तिठ्यात हे सगळे येऊन राहिले की पहिला प्रश्न पिंपळ कुणाचा हाच निघणार. मुंज्याला पिंपळ का आणि हडळीला चिंच का? चिंचेखाली कुणी पार बांधत नाही, कुणी दिवा लावत नाही. ब्रह्मराक्षस सभेत खवीसाच्या शेजारी बसेल का? आराखडा म्हणतात तशी वेळ वाटून ही भांडणं सुटणार नाहीत, कारण ही माणसं माणसांच्या गावातून आलीत, सगळं सामान बरोबर घेऊन.

उलट जन्माने राक्षस असलेल्यांना यातलं काही कळणारच नाही. एखादी राक्षसीण विचारेल, 'ही बाई मूल होताना मेली, मग तिला घाबरायचं कशासाठी? तिच्या सासूला घाबरायला हवं.' या पात्राला माझ्याकडून एक फासा जास्त द्या.

वाकडी_चिंच

उलटी_पावलं, टाळ्या. माझं डिपॉझिट आता वेगळ्या कारणासाठी ठेवा.

दूरदेशी

याच वादातून परदेशातले खेळही गेलेत. १९७४ साली डंजन्स अँड ड्रॅगन्स हा खेळ आला तेव्हापासून ऑर्क म्हणजे मारायचं सावज असाच रिवाज होता. जात दुष्ट म्हणजे व्यक्ती दुष्ट. २०२० मध्ये खेळाच्या कंपनीने जाहीर केलं की ऑर्क आणि ड्रो (काळे एल्फ) यांना आम्ही इतर माणसांइतकंच गुंतागुंतीचं दाखवू, आणि २०२४ च्या नियमपुस्तकात 'रेस' हा शब्दच काढून 'स्पीशीज' केला. आता ऑर्क हे नेहमीचं पात्र म्हणून निवडता येतं.

पण त्यात जो तोटा झाला तोच रातवा टाळू पाहतोय असं मला वाटतं. सगळे सारखेच छान झाल्यावर ऑर्क म्हणजे हिरवा रंग लावलेला माणूस उरला. इथे हडळीची गोष्ट तिच्या मरणात आहे, त्यामुळे तिला माणसासारखं वागवूनही ती वेगळीच राहते. हे तिकडच्या ऑर्कला जमत नाही.

ठोकताळा

ठीक आहे, मीही खेळतो. पण तुमच्या शहराच्या मुळावर येणारा प्रश्न कुणीच विचारलेला नाही.

मुंज्याची सोडमुंज लावून दिली की तो सुटतो. हडळीची राहिलेली इच्छा पुरी झाली की ती सुटते. भूत म्हणजे अडकलेली इच्छा. मग तिठा जितकं चांगलं शहर होईल तितकं ते रिकामं होत जाईल. जिथे कुणी कुणाला हाकलत नाही, पोटभर मिळतं, सभेत नाव घेतलं जातं, तिथे भुताने अडकून राहायचं कशाला? आणि वस्ती वाढणार कशी? बाहेरच्या गावांत अन्याय वाढला तरच. म्हणजे या सुखी शहराची भरती बाहेरच्या दुःखावर. ज्या वर्षी बाहेर साथ येईल, बाळंतिणी मरतील, त्या वर्षी तिठ्यात नवी घरं लागणार.

राक्षस मात्र कायमचे. त्यांचे शेजारी दर काही वर्षांनी नाहीसे होणार.

रातवा

ठोकताळा... दोन दिवस याच्यावर अडकलो होतो.

पोथीवाला

राक्षसही फार कायमचे नसतात बरं. उत्तरकांडात लंकेचा इतिहास वाचा. विश्वकर्म्याने बांधलेली नगरी, त्यात आधी माल्यवान-सुमाली-माली हे राक्षस राहिले. विष्णूशी लढताना माली मेला, बाकीचे त्याच्या भीतीने रसातळात पळाले. रिकाम्या लंकेत कुबेर येऊन राहिला. मग रावणाने 'ही आमच्या आजोळची जागा' म्हणून सावत्र भावाला बाहेर काढलं. एकाच बापाची दोन मुलं, एक यक्षांचा राजा आणि एक राक्षसांचा, आणि मध्ये घराचा वाद. तिठ्यात यक्ष आणि राक्षस शेजारी ठेवणार असाल तर हे जुनं प्रकरण उकरून काढणारा एखादा वकील हवाच.

आणि त्या लंकेतही, रात्री गुपचूप फिरणाऱ्या हनुमानाला घराघरातून मंत्रांचा जप ऐकू येतो, स्वाध्यायात गढलेले राक्षस दिसतात. सुंदरकांडातच आहे. तेव्हा तुमचे राक्षस अडाणी दाखवू नका.

आराखडा

ठोकताळांच्या मुद्द्यावर : सुटलेली इच्छा आणि बदललेली इच्छा यात फरक करा. हारीतीचं उदाहरण घ्या. राजगृहातली यक्षीण, गावातली पोरं खायची. बुद्धाने तिचं धाकटं मूल भिक्षापात्राखाली लपवलं, ती रडत आली, आणि मग तिने पोरं खाणं सोडलं. पण तिने विचारलं की आता आम्ही खायचं काय? हा प्रश्न मला फार आवडतो, कारण बहुतेक हृदयपरिवर्तनाच्या कथा तो विचारतच नाहीत. उत्तर होतं : विहारातले भिक्षू तुला रोजचं अन्न देतील. इत्सिंग हा चिनी भिक्षू सातव्या शतकात भारतात आला तेव्हा विहारांत तिची मूर्ती आणि तिच्यापुढे रोज वाढलेलं अन्न असायचं असं त्याने लिहून ठेवलंय. अजिंठ्याच्या २ नंबरच्या लेण्यात गर्भगृहाच्या बाजूच्या दालनात ती पांचिक या आपल्या नवऱ्याशेजारी बसलीय, खाली पोरांची शाळासुद्धा कोरलीय.

ती मुक्त होऊन गेली नाही. पोरं खाणारी पोरांची राखणदार झाली आणि तिथेच राहिली, रोजच्या ताटावर. तर तिठ्यात प्रत्येक भुताला विचारायचं : सुटायचंय की राहायचंय? सुटायचं असेल तर शहर सोडमुंज लावून देईल, बारसं करील, जे राहिलं असेल ते. राहायचं असेल तर काम आणि ताट. आणि हा प्रश्न दरवर्षी नव्याने विचारायचा.

उलटी_पावलं

हे पटलं. फक्त विचारणारा कोण हे ठरवा. माणूस असेल तर मी राहणार नाही.

खाजा_मालवणी

संकासुराला विचारू द्या! दशावतारात वेद पळवणारा राक्षस, पण रंगमंचावर आला की हसून हसून पोट दुखतं. गुहागराकडे शिमग्याला काळा वेश, पांढरी दाढी, उंच टोपी आणि कमरेला घुंगरं घालून दारोदार नाचतो, पोरं घाबरतातही आणि मागे धावतातही. सगळ्यांच्या घरात जायची परवानगी असलेला राक्षस दुसरा कोण?

रातवा

संकासुर नक्की. शिरगणतीचा अधिकारी. शिमग्याच्या रात्री घरोघर जाऊन नाचतो, आणि नाच संपला की तो एक प्रश्न विचारतो.

पहिल्या खेळाची मांडणी आता अशी ठरवलीय. माझी पात्रं म्हणजे सात गावांपैकी एकाने पाठवलेली माणसं. गावात बाळंतिणी मरतायत, गावाचा समज की तिठ्यातली हडळ येऊन नेते, तिला मारून या. ती तिन्हीसांजेच्या अर्ध्या प्रहरात बाजारात पोचतात. हडळ सापडते. ती तिठ्यातली सुईण आहे. नागिणी, राक्षसिणी, वाळीत टाकलेल्या बाया, सगळ्यांची बाळंतपणं तीच करते, आणि शिमग्याला दरवर्षी 'राहायचंय' म्हणते. गावातल्या बाया का मरतायत ते तिला त्यांच्या सासरच्यांपेक्षा चांगलं माहीत आहे. ती गावात यायला तयार आहे, पण शिवेवर राखणदार उभा आहे आणि त्याला तिला आत सोडायचा हुकूम नाही. म्हणजे पात्रांना वेतोबाशी बोलावं लागेल.

ती तरीही भयंकर आहे. नखं, उलटे पाय, सगळं. बोलताना डोळ्यांत बघत नाही, कारण बघितलं तर समोरचा आजारी पडतो.

दूरदेशी

हडळीला हरवण्याचे आकडे देऊ नकोस. खेळाडूंना आकडे दिसले की ते मारतात. फक्त ती काय मागते ते लिहून ठेव.

म्हापसेंकार

वेतोबाकडे जाताना चपला न्यायला सांगा त्यांना. आणि माप आधी विचारून.

ठोकताळा

सुईण उलट्या पायांची असेल तर गावातून ती निघून गेली की आत आली, हे पाऊलखुणा बघून कळायचं नाही. गावकरी ठसे बघून म्हणतील की ती घरात शिरली, आणि ती असेल बाहेर पडलेली. तुमच्या पात्रांपैकी एकाला माग काढता येत असेल तर त्याच्याकडून पहिल्याच फाशाला ही चूक करवून घ्या.

वाकडी_चिंच

ठोकताळा, तुमचा विकास आराखडा मंजूर झालाय असं समजा. रातवा, शनिवारी काय झालं ते इथेच लिहा, नवा धागा काढू नका.